धवला अडतो तिथे

कल्पिताचं आर्यनशी लग्न ठरून सुपारी फुटली त्याच दिवशी आवडाबाईंचा आवाज गेला. बायकांनी हौसेने धवला धरायला सांगितला, आवडाबाईंनी तोंड उघडलं, आणि नळाला पाणी येण्याआधी नुसती हवा यावी तशी हवा आली. दुसऱ्यांदा तेच. मग कुणीतरी चहा आणला आणि विषय टळला.

आंबिवलीजवळच्या त्या गावात आवडाबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात आता भटजी असतो, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला खरा हात लागतो तो धवलारणीच्या गाण्याचा. तिने गायलेला तो धवला. आवडाबाई तो आपल्या आईकडून शिकल्या होत्या, आणि गावातल्या बहुतेक बायका त्यांच्याच आवाजात बोहल्यावर चढल्या होत्या. राहिली होती ती धाकट्या भावाची, गोपीनाथची एकुलती एक पोर कल्पिता. तिचा धवला दुसऱ्या कुणी गायचा म्हणजे आवडाबाईंना जिवंतपणी बाजूला सारल्यासारखंच होतं.

गोपीनाथला मात्र असल्या गोष्टींचा उरक फार. शेतांच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिल्यापासून त्याला कुठलीही अडचण फोनवर सुटते असं वाटू लागलं होतं. शहाडकडची एक धवलारीण चांगली गाते म्हणतात, तिला सांगून ठेवू, असं तो जेवताना सहज बोलून गेला. आवडाबाई भरल्या ताटावरून उठल्या. कल्पिताला तेव्हा वडिलांचा असा राग आला की तिनेही हात धुतला.

दुसऱ्याच दिवशी ती आत्याला कल्याणला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने नळी घालून पाहिलं आणि घसा ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग त्याने विचारलं, आजी, कसलं टेन्शन आहे का? आवडाबाई भडकल्या. टेन्शन तुमच्यासारख्या शिकलेल्यांना असतं, आम्ही चिखलात भात लावलाय, असं त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुनावलं.

डॉक्टर ओशाळला. कल्पिता मात्र चाट पडली, कारण आवाज अगदी खणखणीत होता.

लहानपणी घरातला चांगला चालणारा रेडिओ नुसता आत काय आहे ते बघायला उघडणारी ही मुलगी. तिच्या ठाण्याच्या ऑफिसात टेन्शनवर एक व्याख्यान झालं होतं. डोळे मिटा आणि समुद्र आठवा, असं त्या सरांनी सांगितलं, तर हिला कोळंबी आठवली आणि भूक लागली. समुद्राने काम भागणार नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण हे आत्याचं प्रकरण वेगळं होतं. जो आवाज डॉक्टरवर चालतो तो धवल्याला का चालत नाही?

ती पाळतच ठेवू लागली म्हणा ना. मासळीवाली शिळे बोंबील गळ्यात मारते म्हणून आत्याने तिला झापलं, आवाज होता. मांजराला हाकललं, तेव्हाही होता. रविवारी दोघी गच्चीवर सुका जवळा निवडत बसल्या होत्या, तर आत्या आपल्याच तंद्रीत गुणगुणायला लागली. हळदीचा धवलाच होता. कल्पिता मान खाली घालून कचरा वेचत राहिली. गाणं चांगलं चाललं, आणि जिथे नवरीचं नाव घालायचं तिथे आलं आणि घसा मिटला.

"आत्या, माझ्या नावाऐवजी मांजराचं घाल ना," कल्पिता म्हणाली.

आवडाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण जवळा बराच उरला होता आणि कंटाळा आला होता. त्यांनी मनी मांजरीलाच नवरी करून टाकलं. धवला सुरळीत पार पडला आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग कल्पिता एकेक नाव सुचवत गेली. तिची आई. शेजारची हौसाबाई, जी आता आजी झाली होती. सगळ्यांची लग्नं आत्याने नव्याने लावली. कल्पिताला खेळ आवडायला लागला होता, म्हणून तिने पुढचं नाव काही विचार न करता घेतलं. दिशा.

आवडाबाईंच्या हातातला जवळा खाली पडला. दिशाचं नाव त्यांना घेता येईना.

दिशा ही गोपीनाथच्या चुलतभावाची मुलगी. थाटात लग्न झालं होतं, आणि गेल्या वर्षी ती नवऱ्यापासून, प्रफुल्लपासून, घटस्फोट घेऊन शहाडला खोली करून राहिली होती. बालवाडीत शिकवायची. गावात तिच्याबद्दल बोलायचे, तिच्याशी कुणी बोलायचं नाही.

मग आवडाबाईंनी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दिशाच्या हळदीला धवला ऐन भरात असताना डीजेवाल्याने मध्येच बटण दाबून पाहिलं. त्या दणक्याने त्या दचकल्या, थांबल्या, आणि परत सुरुवात केली ती एक अख्खं कडवं गाळून. कुणाच्या लक्षातही आलं नाही. धवला मध्ये तोडायचा नाही, तोडला तर जोडा तुटतो, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवताना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"माज्या तोंडानं तिचा संसार मोडला गो," त्या म्हणाल्या. "आता तुजा नाव कसा घेऊ?"

कल्पिताने समजावून पाहिलं. गाण्याने कधी घटस्फोट होतात का, प्रफुल्लचा स्वभाव कसा होता, सगळं बोलून झालं. आवडाबाई ऐकत होत्या आणि त्यांचे हात घट्ट एकमेकांत अडकलेले होते. कल्पिताला त्या हातांकडे बघून रडू आलं. हे एवढं ओझं घेऊन बाई वर्षभर सगळ्यांच्या पंगती वाढत होती. शेवटी ती म्हणाली, मी सांगून काय उपयोग, जिचं लग्न होतं तिलाच विचारू या.

शहाडची खोली लहान आणि नीटनेटकी होती. भिंतीवर मुलांनी काढलेली वेडीवाकडी चित्रं लावलेली होती. दिशाने पाणी दिलं. आवडाबाईंनी पेल्याला हात न लावता, खाली बघत, गाळलेल्या कडव्याचं सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

दिशाने पेला बाजूला सरकवला. तिला राग आलाय की हसू येतंय हे कल्पिताला कळेना.

"मला आठवतंय तू थांबलेलीस ते," दिशा म्हणाली. "तेव्हा मला एवढं बरं वाटलेलं, आत्या. वाटलं, आता सगळंच थांबेल. मग तू परत चालू केलंस."

"तुना तो पोरगा नको होता?"

"नको होता."

"मंग बोल्लीस का नाय?"

"कुणी विचारलं?"

 एवढ्या मुलींना हळद लावली, पण हे आवडाबाईंनी कुणालाच विचारलं नव्हतं. निघताना त्यांनी दिशाच्या गालावरून हात फिरवला आणि हळदीला यायचं, माझ्या शेजारी बसायचं, एवढंच सांगितलं.  घरी आल्यावर भावाला म्हणाल्या, दुसरीला बोलवू नको.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दिशा खरंच आली आणि आवडाबाईंच्या शेजारी बसली. बायकांच्या माना वळल्या, पण धवलारणीपुढे बोलायची कुणाची हिंमत झाली नाही. कल्पिता पाटावर बसली. हळदीची वाटी पुढे आली. डीजेवाल्याला गोपीनाथने स्वतः जाऊन दम दिला होता, त्यामुळे तो हाताची घडी घालून उभा होता. सगळे आवडाबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांनी धवला धरला नाही. त्या पुढे सरकल्या, कल्पिताच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आर्यन तुना पायजे ना गो?"

गोपीनाथ कासावीस झाला. एक मामी फिस्सकन हसली आणि गप्प झाली.

कल्पिताने तोंड उघडलं आणि तिला लगेच बोलता येईना. महिनाभर आत्याचा घसा तपासत फिरणाऱ्या या मुलीने स्वतःला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. हॉल, साड्या, पत्रिका, सगळं आपलं आपण होत गेलं होतं. आत्या घाई करत नव्हती. दिशा तिच्याकडे बघत होती. कल्पिताने डोळे मिटले, समुद्र वगैरे काही न आठवता नुसता आर्यन आठवला. तो तिच्या बोलण्यात कधी मध्ये बोलत नाही, हे आठवलं. आठवता आठवता तिचे खांदे सैल पडले, आणि ते किती दिवस ताठ होते हे तिला तेव्हा कळलं.

"पाहिजे," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, आत्या."

आवडाबाईंनी मान हलवली, हळदीत बोट बुडवलं आणि गायला लागल्या. कल्पिताचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते सावकाश, पूर्ण घेतलं.