पाच वाजता अडखळणारा आवाज

पावणेपाच वाजले नाहीत तोच जिना माणसांनी भरला. चपलांची रांग खालच्या वळणापर्यंत पोचली आणि बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायलाही जागा उरली नाही. सगळ्यांचे मोबाईल वर आणि सगळ्यांची नजर फळीवरच्या छोट्या स्पीकरकडे. तीन महिन्यांपूर्वी वारलेले गायनमास्तर त्या स्पीकरमधून शिकवत होते.

"श्वास आधी, सूर मागून. चला, श्वास आ..."

आवाज तुटला, दोन शब्द पुढे जाऊन पुन्हा लागला आणि पुन्हा तुटला.

"अडखळले! मास्तर अडखळले!" वरच्या मजल्यावरच्या काकू आनंदाने ओरडल्या आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

दाराशी उभी असलेली मास्तरांची मुलगी दातओठ खात होती. ती पाणीखात्यात होती. रस्त्याखालच्या नळाला कुठे भोक पडलंय ते जमिनीला कान लावून शोधायचं, हे तिचं काम. म्हणून घरीदारी तिला गळतीबाई म्हणत. चार दिवस रजा काढून ती आईकडे आली होती आणि एका स्पीकरपुढे तिने हात टेकले होते.

मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या शिकवण्या कॅसेटींवर होत्या. त्या गळतीबाईनेच एका डिस्कवर उतरवल्या. डिस्क आतल्या खोलीत, स्पीकर बैठकीत, आणि दोघांची गाठ घालून द्यायला वायफायचा डबा. मास्तर गेल्यावर आई त्या आवाजावरच जगत होती. सकाळी लावायची, दुपारी लावायची, आवाज कसा धो धो यायचा. पण संध्याकाळी पाच वाजले की तुटायचा. आणि पाच ही मास्तरांच्या वर्गाची वेळ! मग काय विचारता? "वर्ग रिकामा दिसतो, म्हणून त्यांचा गळा दाटतो," असं काकूंनी एकदा म्हटलं आणि आठवडाभरात ते साऱ्या गल्लीत झालं.

गळतीबाईने काय करायचं बाकी ठेवलं होतं? स्पीकर बदलला. डबा कपाटावर ठेवला, खाली ठेवला, खिडकीत ठेवला. कंपनीला फोन लावला. तिथे वीस मिनिटं पेटीची धून ऐकवल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "डबा बंद करून पुन्हा चालू करा." तिने केला. पाच वाजता आवाज तुटला. पुन्हा फोन, पुन्हा पेटी, पुन्हा "बंद करून चालू करा." डबा उचलून खिडकीबाहेर भिरकावावा असं तिला मनापासून वाटलं होतं.

या गोंधळात लहरीबुवा घरात शिरले. पांढरा लांब कोट, छातीवर तांब्याची पट्टी आणि तोंडात शब्दांचा कारखाना. "माउली, हा ध्वनी नाही, ही सूक्ष्मलहरी आहे. कंपनांच्या सातव्या थरात मास्तर अडकलेत. डिस्क म्हणजे त्यांच्या आत्म्याची बेडी!" उपाय एकच. सर्वांसमक्ष मास्तरांची इच्छा विचारायची, मग डिस्क बुवांच्या हवाली करायची. बुवा तिचे तुकडे करून मास्तरांना मोकळं करणार. तो दिवस आजचा होता.

दुसरी प्रत नव्हती. करू करू म्हणत राहून गेली होती. गळतीबाईला गुपचूप करता आली असती, पण आपण नवऱ्याला बेडीत ठेवलंय असं मानणाऱ्या आईपुढे ती चोरून केलेली प्रत वाजवायची कधी?

"आई, मशीनमध्ये बिघाड आहे गं," ती सकाळीच म्हणाली होती.

"मग दाखव की कुठंय! चार दिवस खुडबुड करतेयस. सापडला?"

"नाही."

"बुवांना पहिल्या दिवशी सापडला." आईने स्पीकरवरची धूळ पदराने पुसली. "ह्यांना त्रास होत असेल आणि मी रोज ऐकत बसते. कशी गं मी?"

गळतीबाईला भयंकर राग आला, आणि तो काढायला जागा नव्हती. ती तिरमिरीत घराबाहेर निघाली आणि दारातच थबकली. चौकटीला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. आईचं टपोरं अक्षर, वायफायचा पासवर्ड, आणि खाली 'कुणीही वापरा'. दुखवट्याला आलेली माणसं नुसती बसून राहतात, त्यांना कंटाळा येतो, म्हणून आईने लावलेली! आई कुणाला नाही म्हणायची नाही. चिठ्ठीचा कोपरा बोटं लागून लागून काळा झाला होता, सार्वजनिक नळाच्या तोटीसारखा.

तिने आपल्या मोबाईलवर वायफायच्या डब्याचं पान उघडलं. जोडलेली यंत्रं: पंधरा. घरात मोबाईल दोन! आणि ही सकाळची दहाची वेळ होती. पाचला शाळा सुटलेली, ऑफिसं सुटलेली, साऱ्या इमारतीचे व्हिडिओ या एका डब्यातून चाललेले. सगळ्यांनी एकदम तोट्या सोडल्या की वरच्या मजल्याला थेंब मिळत नाही, हे ती लोकांना रोज समजावून सांगत होती. स्वतःच्या घरात तिला ते चार दिवस दिसलं नाही. तिने कपाळावर हात मारला.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असेल. पण पहिल्या दिवशी बुवांनी नुसतं 'मास्तर, थांबा' म्हटलं आणि आवाज थांबला, तो कसा?"

तेच शोधायला आत्ता गळतीबाई मोबाईलवर ती यादी उघडून दाराशी उभी होती.

"शांत!" बुवांनी हात वर केला. "तुमच्या मलिन लहरी आड येताहेत. मोबाईल बंद करा आणि या ताम्रपात्रात अर्पण करा!" ताम्रपात्र म्हणजे झाकणाचा डबा. लोकांनी भराभर मोबाईल बंद करून आत टाकले. बुवांनी झाकण लावलं, डोळे मिटले, "ह्रीं कंप, ह्रीं कंप" असं काहीतरी पुटपुटले, आणि मास्तरांचा आवाज स्वच्छ, सलग वाहू लागला. खोलीतून "अहाहा" निघालं. दोन-तीन जण तर पायाच पडले.

गळतीबाईच्या पडद्यावरची यादी भराभर आटत होती. तीसवरून वीस, वीसवरून दहा. शेवटी चार नावं उरली: स्पीकर, डिस्क, तिचा स्वतःचा मोबाईल आणि आणखी एक.

"मास्तर!" बुवांनी उजवा हात उंचावला. डावा हळूच कोटाच्या खिशात गेला. "बेडीतून सुटायचं असेल तर थांबा!"

आवाज थांबला. आई हुंदका देऊन खाली बसली. आणि यादीतल्या त्या चौथ्या नावापुढचा वापराचा आकडा एकदम वर चढला होता. कुणीतरी मोठा नळ पुरता सोडला होता.

गळतीबाईने त्या नावापुढे 'प्रवेश बंद' अशी खूण केली. आवाज परत आला.

"बुवा," ती म्हणाली, "मी दाराशी होते, नीट ऐकू आलं नाही. बाबांना पुन्हा विचारता?"

"अवश्य, मुली!" बुवा खुशीत आले. उजवा हात वर, डावा खिशात. "मास्तर, सुटायचं असेल तर थांबा!"

मास्तर गातच राहिले.

"मास्तर! थांबा!" खिशातला हात जोरात हलू लागला. "थांबा म्हणतो ना!"

"चुकलं," स्पीकरमधून मास्तर शांतपणे म्हणाले. "पुन्हा. पहिल्यापासून."

सारी खोली खो खो हसली. फक्त काकू हात जोडून उठल्या. "अगं बाई, उत्तर दिलं हो!"

"काकू, आता तुम्ही नका सुरू करू!" गळतीबाई कळवळून म्हणाली. "एका शिकवणीत बाबा चाळीस वेळा 'पुन्हा' म्हणतात!"

मग तिने पुढे होऊन विचारलं, "बुवा, सगळ्यांचे मोबाईल ताम्रपात्रात, मग तुमच्या खिशात काय आहे?"

"ते... लहरीयंत्र."

"काढा."

मोबाईलच निघाला. पडद्यावर वायफायचा वेग मोजण्याची चाचणी उघडी होती. ती सुरू केली की वायफायच्या डब्यातून दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. गळतीबाईने सर्वांना आपली यादी दाखवली. मग त्यांचे मोबाईल परत देऊन म्हणाली, "करा चालू. हवे ते व्हिडिओ लावा." दोन मिनिटांत मास्तर ठेचकाळू लागले. "आता बंद करा." तिने ह्रीं म्हटलं नाही की कंप म्हटलं नाही, बाराचा पाढा म्हटला. बारा पंचे साठला आवाज सलग झाला.

"तुमच्या गर्दीनेच हा चमत्कार होत होता," ती चिडून म्हणाली. "बघायला जितके याल तितका मोठा. तुमच्यातल्या एकाला तरी बंद करून, चालू करून बघावंसं वाटलं का? आणि मीही शहाणी नाही, चिठ्ठीखालून चार दिवस येजा केली. पण सापडलं नाही म्हणजे भूत आहे, असं नसतं हो. शोधायचं राहिलंय, एवढंच असतं."

बुवांना चपला सापडेनात. कुणी मदत केली नाही.

खोली रिकामी झाली, गळतीबाईने वायफायचा पासवर्ड बदलला, तरी आई खालीच बसून होती.

"म्हणजे हे नव्हतेच," ती हळूच म्हणाली. "थांबायचे, तेव्हा वाटायचं, आहेत. माझ्यावर रागावून का होईना, आहेत."

गळतीबाईचा सगळा राग एकदम उतरला. ती आईशेजारी फरशीवर बसली.

"आई, थांबत होता तो डबा होता. गात होते ते बाबा होते. तू नेमकं उलटं धरून बसली होतीस."

आईने उठून स्पीकरचा आवाज थोडा वाढवला. एवढ्यात दार वाजलं. दारात काकू.

"वहिनी, वायफाय बंद झालं का हो? नवीन पासवर्ड द्या ना."

आईने चौकटीवरची चिठ्ठी काढली, नीट घडी घातली.

"नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली असावी, कारण तिला ते दोनदा म्हणावं लागलं. "नाही देणार. ह्यांचा वर्ग चालू आहे. तुम्ही आत येऊन बसा, हवं तर."