नवखा उस्ताद

व्हर्ना स्टोकलीची उमेदीची सगळी वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात गेली. मिझुरीतल्या तिच्या गावात दुसरं काम नव्हतंच. मग एक दिवस कारखान्यालाच कुलूप लागलं, आणि चाळिशी कधीच ओलांडलेल्या व्हर्नानं जाहीर करून टाकलं, की मी आता ट्रक चालवणार. मुलगी लग्न होऊन टेक्ससला गेलेली. घरात तिची वाट बघायला मांजरसुद्धा नव्हतं.

"इतकी वर्षं सरकत्या पट्ट्यापुढे एका जागी उभी राहिले," ती शेजारणीला म्हणाली, "आता पट्टा राहू दे जागेवर, मी सरकते."

एक मोठी कंपनी नव्या चालकांना स्वतःच शिकवून घेत होती. शिकवणं म्हणजे काय, तर एका रिकाम्या मैदानात रबरी शंकूंभोवती गोल गोल फिरायचं. गाडी एक, शिकणारे डझनभर. त्यामुळे बहुतेक वेळ कुंपणाला टेकून कॉफी पिण्यातच जायचा. तीन आठवड्यांनी परवाना हातात पडला. पुढचं सगळं रस्त्यावर शिकाल, उस्तादाच्या हाताखाली, असं कंपनीनं सांगितलं.

उस्ताद निघाला रॉइस टिबेट्स. सव्वीस वर्षांचा, अंगानं काटकुळा, दाढी अजून धड न भरलेली. पहिल्याच दिवशी त्यानं व्हर्नाची पिशवी केबिनमधल्या वरच्या बाकावर भिरकावली आणि म्हणाला, "ऐक. मी झोपलो असताना उठवायचं नाही. सारखं सारखं मुतायला गाडी थांबवायची नाही. बाकी काही विचारू नकोस."

"मग शिकायचं काय?" व्हर्नानं विचारलं.

"चालवत राहा. आपोआप येतं."

आणि खरोखरच तेवढंच शिक्षण होतं. ती चालवायची तेव्हा तो मागे झोपायचा, तो चालवायचा तेव्हा तिनं झोपायचं. गाडी थांबतच नसे, आणि कंपनीला तेच हवं होतं. माल उतरवायला गोदामाशी गाडी मागे घ्यायची वेळ आली, की रॉइस तिला खाली उतरवायचा, कारण तिला शिकवण्यात वेळ मोडला असता. केबिनच्या काचा बंद करून तो सिगरेटी ओढायचा. तिनं वेग जरा कमी केला, की मागच्या पडद्यातून आवाज यायचा, "आजीबाई, गाडी चालवताय की गोधडी शिवताय?"

व्हर्नानं एकदा कचेरीत फोन करून सांगितलंही. फोनवर ग्वेन नावाची बाई असायची. त्यांच्या गाडीनं कुठं, केव्हा जायचं ते तीच ठरवायची. "जरा जुळवून घ्या हो," ग्वेन म्हणाली. "रॉइसच्या गाडीला कधी उशीर झालेला नाही." जणू प्रश्न तोच होता.

व्हर्नानं जुळवून घेतलं. कारखान्यात तिनं याहून वाईट मुकादम पाहिले होते. शिवाय तिला रस्ता आवडायला लागला होता. सकाळी उजाडताना नेब्रास्काची सपाट जमीन आधी राखाडी, मग गुलाबी व्हायची, आणि मागे रॉइस घोरत असला तरी ती घटका तिची एकटीची असायची.

नोव्हेंबरच्या शेवटी ते आयडाहो ओलांडून ऑरेगनमध्ये शिरले. ट्रेलर टॉयलेट पेपरनं ठासून भरलेला होता, पोर्टलंडला पोचवायचा होता. सकाळची वेळ. स्टिअरिंगवर व्हर्ना, रॉइस मागे. ब्लू माउंटन्सची चढण लागली तसा बर्फ सुरू झाला. आधी भुरभुर, मग असा दाट, की पुढच्या गाडीचे दिवेच काय ते दिसावेत. मीचम गावाजवळ रस्त्यावरची पाटी लुकलुकत होती: जड गाड्यांनी, घसरू नये म्हणून, चाकांना साखळ्या लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढे डेडमन पासची खिंड, आणि तिथून खाली पेंडल्टनपर्यंत कॅबेज हिलचा उतार. त्या घाटाची वळणं अशी, की खालचा रस्ता उलटा आपल्याच दिशेनं येताना दिसतो.

साखळ्या लावायला मोकळी सोडलेली जागा होती, तिथं व्हर्नानं गाडी बाजूला घेतली आणि नियम मोडून रॉइसला उठवलं.

"साखळ्या लावायला सांगतायत."

"मग लाव की." त्यानं कूस बदलली.

"मला कुणी दाखवलेलं नाही."

"चाकावर टाकायच्या आणि अडकवायच्या. त्यात दाखवायचं काय?"

व्हर्ना खाली उतरली. साखळ्यांचा भारा गाडीच्या बाजूच्या खणातून ओढून काढताना ती दोनदा बर्फात बसली. साखळी चाकावर टाकावी तर ती एका अंगाला घसरायची. आतलं टोक शोधायला ती पालथी पडून गाडीखाली शिरली, तर बाहेरचं टोक निसटलं. हातमोजे भिजले, बोटं बधिर झाली. बऱ्याच वेळानं ती उठून बसली, तेव्हा एकही साखळी चाकावर नव्हती.

शेवटी रॉइस शिव्या देत खाली आला. "बाजूला हो. एवढंसं काम जमत नाही."

त्यानं साखळी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. टाकली, ओढली, पुन्हा काढली. तिला पीळ पडला होता, तो सोडवताना आणखी गुंता झाला. व्हर्ना शेजारी उभी राहून बघत होती. साखळीचं आतलं टोक कुठलं हे त्यालाही ठाऊक नाही, हे तिला हळूहळू उमगलं.

"रॉइस," ती म्हणाली, "तू साखळ्या याआधी कधी लावल्यास?"

तो पीळ सोडवत राहिला.

"घाट उतरलायस का बर्फातून?"

"मला कामाला लागून पाचच महिने झालेत," तो साखळीकडे बघत म्हणाला. "हिवाळा पाहिलाय कुणी? माझा उस्ताद चार दिवसांत मला गाडी सोपवून त्याच्या मैत्रिणीकडे जाऊन राहिला होता. मला म्हणाले, माणसं कमी आहेत, तू शिकव. मी हो म्हटलं."

इतके दिवस व्हर्नाला या पोराचा नुसता राग होता. राग गेला नाही, पण त्या रागाशेजारी भीती येऊन बसली. या एवढ्या मोठ्या धुडात दोन माणसं, आणि दोघांनाही काही येत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रॉइसनं तो मोठ्या आवाजावर ठेवला. ग्वेन विचारत होती, गाडी का थांबली.

"बर्फ आहे. साखळ्या लावतोय," रॉइस म्हणाला.

"बाकीच्या गाड्या जातायत ना? मग निघा. दुपारी तिथं माल हवाय."

"ग्वेनबाई," व्हर्ना मध्येच म्हणाली, "टॉयलेट पेपर आहे हो. पोर्टलंडचे लोक संध्याकाळपर्यंत कळ काढतील."

मग ग्वेन म्हणाली, "रॉइस, तिला जमत नसेल तर तू चालव," आणि फोन ठेवला.

रॉइसनं साखळ्या तशाच गुंडाळून खणात कोंबल्या. "बस वर. हळूहळू जाऊ."

"मी बसणार नाही. आणि तूही जाऊ नकोस."

"मग राहा इथं!" तो ओरडला. वर चढून त्यानं तिची पिशवी दारातून बाहेर फेकली. पिशवी बर्फात रुतून उभी राहिली. इंजिन घरघरलं.

व्हर्नानं पिशवी उचलली, बर्फ झटकला, आणि ती गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मोठं काही करतोय असं तिच्या मनात नव्हतं. तिला एवढंच वाटलं, की मागे उभी राहिले तर हा जाईल, पुढे उभी राहिले तर जाणार नाही. काचेतून रॉइसचं तोंड दिसत होतं. त्यानं भोंगा वाजवला. ती हलली नाही. त्यानं पुन्हा वाजवला, या वेळी जरा कमी जोरात.

भोंगा ऐकून मागच्या ट्रकमधून एक बाई उतरली. साठीची, ठेंगणी, लोकरीची टोपी कानांवर ओढलेली. मैते उरिझार तिचं नाव. आयडाहोच्या सीमेवरचा कांदा ती वर्षानुवर्षं या घाटातून नेत होती. आधी नवऱ्याबरोबर, आणि त्याचे गुडघे गेल्यापासून एकटीच.

"काय चाललंय? भांडणं घरी करावीत माणसानं," ती म्हणाली.

व्हर्नानं दोन वाक्यांत सांगितलं. मैतेनं वर काचेकडे पाहिलं आणि बोटानं खूण केली, खाली ये. रॉइस आला. तिनं त्याला एका शब्दानंही झापलं नाही.

"आधी जमिनीवर पसर," ती म्हणाली. "पीळ काढ सगळे. बर्फात वेळ वाचवायला गेलं की दुप्पट जातो. आता आकड्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, नाहीतर टायर फाडेल. आतलं आधी अडकवायचं, मग बाहेरचं. अशी. आता तुम्ही बाई, दुसरं चाक. मी हात लावणार नाही, नुसती बघणार."

व्हर्नानं एक लावली, रॉइसनं एक. मग गाडी थोडी पुढे घेऊन त्या पुन्हा आवळल्या. मैते मध्येच आपल्या केबिनमधून मेंढीच्या रश्श्याचा थर्मास घेऊन आली आणि तिघांनी एकाच झाकणातून तो आळीपाळीनं प्यायला.

"आता चालवणार कोण?" मैतेनं विचारलं.

रॉइसनं व्हर्नाकडे पाहिलं. "मी चालवतो. पण तुम्ही शेजारी बसा. झोपू नका."

"मी कशाला झोपते," व्हर्ना म्हणाली.

"माझ्या मागे राहा, अंतर ठेवून," मैते म्हणाली. "उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गियर टाक, आणि तो सोडू नकोस. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. मागचे लोक भोंगे वाजवतील, वाजवू देत."

माणूस चालेल त्या गतीनं ते घाट उतरले. साखळ्या खडखडत होत्या. दरीच्या बाजूला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. व्हर्ना सारखी सांगत राहिली, "गियर राहू दे. छान. तिचे दिवे दिसतायत. छान चाललंय." रॉइसच्या कानशिलावरून त्या थंडीत घाम ओघळत होता. खालच्या वळणावर बर्फाऐवजी पाऊस लागला, आणि एकदम पेंडल्टनचं पिवळं गवताळ पठार समोर पसरलं.

ट्रकच्या थांब्यावर गाडी लावून रॉइसनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. व्हर्नानं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला ठेवावासा वाटला नाही. पण ती उठून गेलीही नाही.

मग ग्वेनचा फोन. एवढा उशीर कुणामुळे?

व्हर्ना काही बोलणार, तोच रॉइस म्हणाला, "माझ्यामुळे. मला साखळ्या लावता येत नव्हत्या. घाट उतरता येत नव्हता. आणि मला शिकवता येत नाही, ग्वेन. माझ्याकडे माणसं देऊ नका."

"हे तू मला असं सांगायला नको होतंस. आता वर कळवावं लागेल," ग्वेन म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज माणसासारखा वाटला. पण कंपनी ग्वेनच्या आवाजावर चालत नव्हती. दोन दिवसांत रॉइसची उस्तादी काढून घेतली, आणि व्हर्नाला कळवलं, की तुमची शिकवणी अपुरी राहिली, बसनं घरी जा.

व्हर्ना बसमध्ये बसली खरी, पण मिझुरीला गेलीच नाही. मैतेनं निघताना नंबर दिला होता. ऑरेगनच्या पूर्व टोकाला, कांद्याच्या वखारींच्या गावात ती उतरली, आणि मैतेच्या घरी मागच्या खोलीत राहायला लागली. हिवाळाभर मैते शेजारी बसायची आणि ही चालवायची. चुकलं की मैते म्हणायची, "पुन्हा." ओरडली कधीच नाही. वसंतात तिनं आपल्या दुसऱ्या ट्रकची किल्ली व्हर्नाच्या हातात ठेवली.

ऑगस्टमध्ये रॉइसचा फोन आला. कंपनी सोडून तो आर्कन्सॉत मेहुण्याच्या टायरच्या दुकानात काम करत होता. हवापाण्याचं बोलून झालं. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "त्या बाई अजून कुणाला शिकवतात का?"

बर्फात रुतलेली ती पिशवी व्हर्नाला आठवली. माफी त्यानं अजूनही मागितलेली नव्हती.

"विचारून बघते," ती म्हणाली.

मैते अंगणात कांद्याच्या गोण्या मोजत होती. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला चालेल का? ते आधी सांग."

व्हर्नानं विचार केला. "गाडीत सिगरेट ओढायची नाही. आणि माझ्या ट्रकमध्ये नाही, तुझ्या ट्रकमध्ये बसायचं."

"मग येऊ दे," मैते म्हणाली.

कांदा काढणीला सुरुवात झाली त्या आठवड्यात तो आला. दारातून आत येताना टोपी काढून म्हणाला, "नमस्कार, व्हर्नाबाई." तिनं त्याला ताट वाढलं. त्यानं दोनदा वाढून घेतलं, स्वतःचं ताट विसळलं, आणि मैतेच्या मागोमाग तो वखारीकडे चालत गेला.