सामान न्यायला आलेला

मॅट्रनबाई माझ्या निरोपाचं भाषण करत होत्या आणि मी केकची सुरी पुसत बसले होते. काळ्या पेशंटच्या हातात शीर सापडेना म्हणून रडकुंडीला आलेल्या कितीतरी पोरी त्यांनी पाहिल्या होत्या. "मग शीरबाईंना हाक जायची," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून दोन बोटं टेकवायच्या, की सुई आत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शीरबाई म्हणजे मी. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं.

कौतुक खोटं नव्हतं. त्या कातडीवर शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. घाई न करता हात हातात धरून ठेवावा लागतो. नव्या पोरींना मी हे शिकवायचे आणि वर ऐकवायचे, की रक्त सगळ्यांचं एकाच रंगाचं असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

कारण माझा जावई काळा आहे. आमच्यात सावळ्या माणसालाही काळा म्हणतात, तसा नव्हे. त्याचे वाडवडील दुसऱ्या खंडातून आलेले. केस दाट कुरळे, उंची अशी की कुठल्याही दारातून वाकूनच यावं लागतं. शाळेत भूगोल शिकवतो. मुलीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण वॉर्डात एवढंच ठाऊक होतं की शीरबाईंचा जावई मास्तर आहे. फोटो दाखवा म्हटलं की माझा मोबाईल नेमका चार्जिंगला असायचा. मुलीला मात्र मी सांगितलं होतं, फोटो सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांना आवडला.

हॉस्पिटलचं क्वार्टर रिकामं करून त्या दिवशीच मी मुलगी-जावयाकडे राहायला जाणार होते. मुलीला आठवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. माझी खोली त्याने स्वतः रंगवली होती. "आई, फिका पिवळा चालेल ना? की निळाच बरा?" असं विचारायला त्याने तीनदा फोन केला होता. मी त्याला बजावून ठेवलं होतं, की गाडी मागच्या फाटकाशी लाव, वर येऊ नकोस, मीच येते.

भाषणं लांबली. बॅगा जड असतील म्हणून शेवटी तो वर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, हातात फुलं. मॅट्रनबाई तेव्हा त्यांच्या सर्जन जावयाचं कौतुक सांगत होत्या. बोलता बोलता थांबल्या, त्याच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा कोण?"

उत्तराला दोन शब्द पुरले असते. सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

"गाडीवाला आहे," मी म्हणाले. "सामान न्यायला आलाय."

तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. फुलांचं काय करावं हे क्षणभर त्याला कळेना. मग त्याने ती टेबलावरच्या इतर गुच्छांत ठेवली आणि कोपऱ्यातल्या माझ्या दोन्ही बॅगा उचलल्या. "मॅडम, गाडी दाराशी आणतो," एवढंच म्हणाला. तो गेल्यावर कोणीतरी म्हणालं, हल्ली गाडीवालेसुद्धा टाय लावतात बाई. हशा पिकला. अजून वेळ गेली नव्हती, त्या हशातही मला खरं सांगता आलं असतं. पण चार लोकांत बोललेलं खोटं चार लोकांतच गिळायला छाती लागते. मी केकचा तुकडा खाल्ला.

खाली त्याने गाडीचं मागचं दार उघडून धरलं. वर खिडकीत पोरी हात हलवत होत्या. मी मागे बसले.

फाटकाबाहेर आल्यावर म्हणाले, "जरा थांबव. मी पुढे येते."

"राहू द्या," तो म्हणाला. "पोचूच आता."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. अर्धा तास मी त्याच्या मानेकडे बघत शब्द जुळवत होते. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "तिथले लोक जरा जुन्या वळणाचे आहेत."

सिग्नल लागला होता. त्याने आरशात बघितलं नाही. "त्यांनी वाईट काहीच विचारलं नाही," तो म्हणाला. "कोण, एवढंच विचारलं."

घरी मुलगी उशांना टेकून वाटच बघत होती. याला सगळ्यांना भेटवलंस ना, हा तिचा पहिला प्रश्न. मी चपला काढत राहिले. बॅगा खाली ठेवता ठेवता तोच म्हणाला, "भेटवलं की. आईंनी सगळ्यांना ओळख करून दिली."

"मग? काय म्हणाले?"

"टाय आवडला म्हणाले."

ती खळखळून हसली. तिच्याबरोबर मीही हसले. दुपारच्या त्या दोन वाक्यांपेक्षा मला त्या हसण्याची लाज जास्त वाटते.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. नात चालायला लागली आहे. तो माझी औषधं न सांगता आणतो, गुडघा दुखला की दवाखान्यात नेतो, कशात म्हणून कमी करत नाही. एकदा स्वयंपाकघरात दोघंच होतो, तेव्हा मी माफी मागितली. "झालं ते झालं," म्हणाला आणि नातीची वाटी विसळत राहिला. मुलीला त्याने आजतागायत काही सांगितलेलं नाही. मी सांगेन म्हणते, पण धीर होत नाही.

मुलगी घरात असली, की तो मला आई म्हणतो. आम्ही दोघंच असलो, की काहीच म्हणत नाही.