नोसन, येखिएलचा मुलगा

नवरीला खुर्चीवर बसवून बायकांनी तिच्या वेण्या सोडल्या, तसा इसरने गळा साफ केला. ज्यू लग्नात नवरीला गाऊन रडवायचं आणि मगच लग्नाच्या छताखाली पाठवायचं, हे त्याचं काम. पण तो परगावचा. नवरीला बाप नाही, एवढंच त्याच्या कानावर आलेलं.

"रड गं पोरी, रड! तुझा बाप वरून आलाय, दाराशी उभा आहे..."

गावच्या वोल्फचा गज फिडलच्या तारांवरच थबकला. साऱ्या माना नवरीच्या आईकडे, ट्रायनाकडे वळल्या.

तिचा नवरा नोसन झारच्या फौजेतून जपान्यांशी लढायला गेला तो आलाच नाही. मेल्याचा निरोप नाही, मरताना पाहिलेलं माणूस नाही. दर शुक्रवारी सब्बाथचे दिवे लावताना ट्रायना त्याच्यासाठी आयुष्य मागत आली होती. पोरक्या नवऱ्या दफनभूमीत जाऊन आईबापांना लग्नाचं बोलावणं करतात. पण या नवरीला, फ्राडलला, तिने जाऊ दिलं नव्हतं. "जिवंत माणसाला कबरींत शोधतेस?" म्हणून ओरडली होती.

ट्रायनाची नणंद गिटल इसरच्या अंगावर धावली. "जित्याजागत्या माणसाचं मयत गाता? जीभ कशी झडली नाही तुमची!"

"मला काय स्वप्न पडणार बाई? मुलाकडच्यांनी सांगितलं."

"ते तर तुम्हाला गाता येतं असंही सांगत होते!"

मागे कोणीतरी खुसखुसलं आणि गप्प झालं.

फ्राडल ओंजळीत तोंड घालून हुंदके देत होती. बापासाठी ती आजवर रडली नव्हती. घरात तशी मुभाच नव्हती.

"आई, बाबांना बोलावू दे ना गं. कसेही येऊ देत. त्यांच्यावाचून मी छताखाली कशी जाऊ?"

ट्रायना वादकाकडे वळली.

"वोल्फदादा, वाजवा."

"वहिनी, साक्षीदार नसताना रब्बी काही तुम्हाला विधवा मानायचे नाहीत. नुसती आशा तेवढी जाईल."

"ठाऊक आहे. वाजवा."

इसरने मृतांची प्रार्थना धरली आणि मध्येच अडला. इथे नाव घ्यावं लागतं, बापाच्या नावासकट. त्याने गिटलकडे पाहिलं. गिटलने तोंड फिरवलं.

"नोसन," ट्रायना म्हणाली. मग इसरला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, "नोसन, येखिएलचा मुलगा."

प्रार्थना संपली. वोल्फने गेलेल्यांच्या मानाचा संथ नाच सुरू केला. घरच्या माणसाने रुमालाचं एक टोक धरून नाचायचं, दुसरं गेलेल्यासाठी मोकळं सोडायचं. फ्राडल उठायच्या आत ट्रायना उठली. नोसन उंच होता, म्हणून तिने रुमाल जरा वरच धरला.