थांबायचं नाही

माझी मुलगी इंग्रजीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा क्लासवाले सर म्हणाले, "ताई, आता परीक्षाच बदला."

ती नर्स आहे. नातीची शाळा बुडू नये म्हणून जावई तिला घेऊन पुढे परदेशी गेले, आणि मुलगी परीक्षा देऊन मागून जाणार होती. तिथल्या हॉस्पिटलने नोकरी दिली होती, पण पास झाल्याचा कागद महिनाअखेरपर्यंत पोचायला हवा होता. ही मुदतसुद्धा विनवण्या करून वाढवून घेतलेली. कागद नाही तर नोकरी नाही, व्हिसा नाही, आणि पोर तिकडे, आई इकडे.

वाचणं, लिहिणं, ऐकणं यांत ती पास व्हायची. घोडं अडायचं ते बोलण्यात. समोर परीक्षक बसायचा आणि मख्ख चेहऱ्याने ऐकायचा. त्या चेहऱ्याकडे बघून हिची वाचाच बसायची.

"दुसऱ्या परीक्षेत माणूसच नसतो," सर म्हणाले. "कॉम्प्युटरसमोर बसायचं, माइकमध्ये बोलायचं. मशीन काही डोळे वटारत नाही. निकालही दोन दिवसांत. फक्त मध्ये गप्प राहायचं नाही. तीन सेकंद आवाज आला नाही की ते समजतं, तुमचं संपलं."

"गप्प कशाला राहीन मी?" मुलगी म्हणाली. तिने तीच परीक्षा द्यायचं ठरवलं.

सरावाला मी बसायचो. मुलीची आई हसली, "बहिऱ्यापुढे इंग्रजी! बरा परीक्षक शोधलास."

माझे कान मागाच्या खडखडाटात गेले. उभं आयुष्य यंत्रमागावर काढलं. त्यामुळे घरात माझ्याशी बोलायची एक रीतच पडून गेली आहे. माझ्यासमोर यायचं, चार शब्द बोलायचे, थांबायचं. मी ओठांवरून समजून मान हलवली की पुढचे चार. मुलगी बोलायला शिकली तीच अशी.

ड्यूटीवरून आली की गणवेश न बदलताच ती खुर्ची ओढून बसायची. इंग्रजी मला येत नाही. मी लिहा-वाचायला शिकलो तेच म्हातारपणी, आणि तेही मराठीच. पण तिच्या ओठांकडे बघत मी मान हलवायचो. तिचा चेहरा खुलत गेला. आठवड्याभरात ती अशी बोलायला लागली की हिच्या आईने पिठाच्या हातांनीच तिची दृष्ट काढली.

एकदा फोनवर नात म्हणाली, "आई, आमच्या बाई विचारतात, तुला खरंच आई आहे का?" मला ते मुलीनेच नंतर सांगितलं. सांगताना हसली, आणि उठून तोंड धुवायला गेली.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. ती आली ती पांढरीफटक पडून.

"बाबा, ते पुढेच जातं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"एक वाक्य बोलले. की थांबले. दुसरं बोलायच्या आत... पुढचा प्रश्न."

मी मान हलवली.

"माझ्या लक्षात आलं हो. पण तोंडच थांबतं. मी काय करू?"

हेही ती चार-चार शब्दांत सांगत होती. ते माझ्या ध्यानात आलं आणि माझी मान जागच्या जागी राहिली. ती माझ्याकडे बघत थांबली. थांबलीच. मग तिलाही कळलं, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

निकाल सांगायलाच नको. मुदतीच्या आत आता एकच तारीख उरली होती, पुढचा शनिवार. जावई फोनवर म्हणाले, "या वेळी नाही जमलं, तर चिमणीला काय सांगू?" हे मला तिच्या आईने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर ती बॅग भरत होती. हिची आई पदराने डोळे पुसत माझ्यासमोर येऊन म्हणाली, "हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये जातेय. मैत्रिणीकडे. शनिवारपर्यंत. तुमच्याशी बोललं की परत तीच सवय लागते म्हणते."

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो. "जाऊ दे."

पास झाली तर ती तिकडे जाणार. म्हणजे घरात तिचे हेच काय ते शेवटचे दिवस होते.

दारात ती माझ्यासमोर आली. पाया पडली. मग बोलायला लागली, मराठीतच, भराभर, कुठेही न थांबता. ओठ इतक्या वेगाने हलत होते की मला त्यातलं 'चिमणी' आणि 'बाबा' एवढंच सापडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती थांबली नाही.

मान हलू नये म्हणून मी चौकट घट्ट धरून उभा राहिलो.