उतारावर चढलेला काटा

मित्रांनो, जी व्हॅन तुमच्यासारख्या मुलांना शाळेत पोहोचवते, तिच्या स्टिअरिंगमागे बसवलेला मी एक जुना तेलदाबमापक आहे. मला जीभ नाही, एक काटा आहे. माझ्या पोटात पितळेची वाकडी नळी आहे. इंजिनातील तेलाचा दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा चढतो. दाब घटला की उतरतो. यात माझी मर्जी कोणी विचारीत नाही, आणि ते योग्यच आहे.

कारखान्यात मला ठाऊक असलेला दाब देऊन तपासले आणि मगच माझ्यावर काच बसवली. पुढे अनेक वर्षे व्हॅन चालवणारी ताई सकाळी पहिली नजर माझ्यावर टाकी. काटा दोनच्या वर दिसला की म्हणे, “चला.” एवढेच माझे कौतुक, पण ते पुरत असे. नंतर मुलांच्या गलक्यात माझ्याकडे कोण पाहतो?

एकदा इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागली. बेअरिंगे झिजली होती. ताईने आणि लेथवर काम करणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीने ती घरामागच्या शेडमध्येच बदलायला घेतली. दोघींचा एक नियम होता: एकीने उघडायचे, दुसरीने बंद करायचे. एकीच्या नजरेतून निसटलेले दुसरीला दिसावे, हा हेतू. त्याप्रमाणे ताईने उघडले. धाकटीने मापे घेतली, नवी बेअरिंगे बसवली आणि सारे बंद केले.

इंजिन सुरू झाले. ठकठक गेली होती; पण माझा काटा एकपर्यंतही चढेना, खालीच थरथरत राहिला. ताईने झटकन किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

“मीटर म्हातारं झालंय, माझ्यासारखं,” शेडमध्ये उलट्या बादलीवर बसलेले दोघींचे मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. मित्रांनो, टिचकीने दाब वाढत नाही.

धाकटीने दुसरा मीटर आणून जोडला. त्यानेही तेच दाखवले. मी निर्दोष ठरलो. पण आनंद मानावा तर आता बोट तिच्याकडे वळले.

“म्हणजे मीटर खरं आणि तुझं माप खोटं,” मामा म्हणाले. “बेअरिंगं ढिली बसलीत. तेल तिथूनच निसटतंय, दाब धरणार कुठून? तरी सांगत होतो, हे घरी करायचं काम नव्हे.”

“मामा, मी पुन्हा पुन्हा मोजलंय.”

“मोजणारी तू, तपासणारीही तूच. उंदराला मांजर साक्ष!”

शाळा उघडायला आली होती. तोवर व्हॅन धावली नाही, तर मुलांची ने-आण दुसऱ्याकडे जाणार होती. अखेर मामांनी व्हॅन भंगारात ओढून न्यायला टोचनाची गाडी बोलावली. धाकटी शेडच्या कोपऱ्यात पाठमोरी उभी राहिली.

“ढकलू नका,” ताई म्हणाली. “फाटकापर्यंत मीच नेते. शेवटचं.”

व्हॅन शेडबाहेर आली, तिचे नाक फाटकाकडच्या उतारावर झुकले, आणि माझ्या पोटातली नळी ताठ होऊ लागली. काटा एकवर गेला, मग दोनवर. तिथे तो स्थिर राहिला.

“अगं ए, इकडे ये! मीटर बघ!” ब्रेक दाबून ताई ओरडली.

धाकटी धावत आली. “मागे घे. सपाटीवर.”

काटा पडला.

“आता पुढे.”

काटा चढला. मामांनी टिचकीसाठी उचललेले बोट खाली केले.

“मामा, ढिलं बेअरिंग उतारावर घट्ट होतं का हो?” धाकटीने विचारले.

“मला काय विचारतेस? मीटरला विचार!”

उत्तर मी दिलेच होते. इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते. त्यातून तेल ओढणारी नळी पुढच्या बाजूला पंपाला जोडलेली होती. उतारावर तेल पुढे सरकून तो जोड बुडत होता. सपाटीवर तो उघडा पडून फटीतून हवा ओढत होता. पण एका निरीक्षणावर विसंबू नये. धाकटीने व्हॅन सपाटीवर घेऊन चेंबरात लिटरभर तेल जादा ओतले. जोड बुडाला, काटा सपाटीवरही उभा राहिला. मग तेल काढून त्यांनी चेंबर उघडले. बेअरिंगे बदलताना ती नळीही काढावी लागली होती; तिचा जोड हवाबंद ठेवणारी जुनी रबरी रिंग पंपाच्या तोंडात कडक होऊन चिकटली होती आणि नवी तिच्यावरच बसली होती. त्यामुळे नळी पुरती आत गेलीच नव्हती.

“ताई, जुनी काढली नाहीस?”

“मला वाटलं, बसवताना तू काढशील.”

“आणि मला वाटलं, तू काढलीच असशील!”

“दोन घरचा पाहुणा उपाशी,” मामा म्हणाले. तिघेही हसत सुटले. धाकटीचे हसणे मात्र डोळ्यांतून वाहिले. तिची मापे बरोबर होती.

रिंग नीट बसली, तेल योग्य पातळीपर्यंत भरले, आणि सपाट जमिनीवर माझा काटा दोनच्या वर गेला. टोचनवाल्याला मामांनी स्वतः चहा पाजून रिकामे परत पाठवले. दोघी बहिणींचा नियम कायम आहे. फक्त आता उघडणारी “काढलं” म्हणते आणि बंद करणारी स्वतः बोट फिरवून पाहिल्याशिवाय “बरं” म्हणत नाही.

मित्रांनो, माझ्यावर श्रद्धा ठेवा असे मी म्हणणार नाही. मला तपासा, दुसऱ्या मीटरशी ताडून पाहा. पण वाईट बातमी दाखवतो म्हणून टिचकी मारून गप्प करू नका. आणि माझ्या भरवशावर लगेच कोणाला दोषीही ठरवू नका. मी फक्त ‘किती’ ते सांगतो. ‘का’ ते तुम्हालाच शोधावे लागते.

शाळा उघडली त्या सकाळी ताईने पदराने माझी काच पुसली, काट्याकडे पाहिले आणि मागच्या गलक्यावर आवाज चढवून म्हटले, “चला!”