सेवास्तीचा विलाप

माझा नवरा साकेल्लारिस परग्रहांवरच्या कादंबऱ्या लिहायचा, पण त्याचे सगळे ग्रह आमच्या कालिम्नोस बेटावरच्या चर्चमध्येच जन्मले होते. लहानपणी थोरल्या बहिणीला, सेवास्तीला, खेटून बसून त्याने तिथली जुनी स्तोत्रं ऐकली होती. भिंतीसारखा उभा राहिलेला समुद्र, मुके झालेले तारे. "मी नवीन काय लिहितो? त्यात फक्त यान घुसवतो," असं तो म्हणायचा.

गुड फ्रायडेला मेलेल्या येशूसाठी मरियेचा विलाप गावा तो वन्संनीच. त्यांचा एकुलता एक मुलगा मिकेस स्पंज काढायला समुद्रात उतरला आणि वर आला तो मेलेलाच. त्यानंतर त्या गायला लागल्या की बंदरावरचे रांगडे गडीसुद्धा माना खाली घालत.

मग साकेल्लारिसची नवी कादंबरी आली. दूरच्या एका चंद्रावरच्या समुद्रात पाणबुड्या बुडतो आणि यानात एकटं उरलेलं यंत्र त्याच्यासाठी तोच विलाप गात राहतं. अथेन्समध्ये वाहवा झाली. रेडिओवर तो भाग वाचला गेला तेव्हा वन्सं माझ्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. त्या शेंगा तशाच टाकून उठल्या आणि घरी गेल्या.

त्या वर्षी गाण्याच्या तालमीला त्या आल्याच नाहीत. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो.

"ताई, मी ते मिकेससाठी लिहिलं गं."

"कळलं रे मला. पण आता तोंड उघडलं की तुझं ते डबडंच ऐकू येतं. माझा आवाज येतच नाही."

साकेल्लारिस रडायला लागला.

"रडतोस काय, घोड्या! पुस्तक आणलंयस ना? मग वाच. पुढे काय होतं?"

त्याने वाचलं. पाणबुड्या कधीच गेलाय, तरी यंत्र वर्षानुवर्षं गात राहतं, त्याच्या श्वासाच्या नळीत हवा सोडत राहतं.

"थकत नाही ते?"

"यंत्र आहे, ताई."

"मी थकते रे." वन्संनी डोळे मिटून घेतले. "त्याला सांग, हवा बंद कर. पोराला जाऊ दे."

"छापून झालंय गं."

"मग दुसरं लिही."

गुड फ्रायडेला विलाप औषधवाल्याच्या बायकोने गायला, जरा घाईघाईनेच. वन्सं मेणबत्ती धरून शेवटपर्यंत उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. साकेल्लारिस दाराशीच थांबला.

तो शेवट लिहायला तो खूपदा बसला. पण सुचेल ती ओळ त्याच स्तोत्रांतली निघायची आणि तो कागद चुरगळून टाकायचा. पुढे लिहिणंच सुटलं. वन्संही पुन्हा कधी गायल्या नाहीत. रविवारी जेवायला मात्र येत. माशातला काटा काढून भावाच्या ताटात वाढत, आणि तो मुकाट्याने खाई.